जमशेदजींना लोखंडाच्या डोंगराचा पत्ता देणारे पी. एन. बोस : ज्युनिअरला बॉस केलं म्हणून नोकरी सोडली आणि देशाला पोलाद मिळालं

जमशेदपूर कुठे आहे, असं विचारलं तर कुणीही सांगेल, झारखंडमध्ये. पण हेच जमशेदपूर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात असतं तर? गंमत नाही, खरंच तसं ठरत आलं होतं. टाटांचे लोक बैलगाड्या घेऊन चांद्याच्या जंगलात लोखंड शोधत फिरत होते. मग तिथून कारखाना थेट झारखंडमध्ये कसा गेला?

याचं उत्तर एका पत्रात आहे. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी जमशेदजी टाटांच्या नावाने ते लिहिलं गेलं. लिहिणारा माणूस नुकताच सरकारी नोकरीवर लाथ मारून बाहेर पडला होता. कारण काय, तर त्याच्यापेक्षा दहा वर्षं ज्युनिअर असलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला त्याचा साहेब करण्यात आलं होतं.

या माणसाचं नाव प्रमथनाथ बोस, म्हणजेच पी. एन. बोस. जगदीशचंद्र बोस, सत्येंद्रनाथ बोस आणि सुभाषबाबू यांच्या गर्दीत हे बोस आपल्याला शाळेत कधी भेटलेच नाहीत.

बंगालच्या खेड्यातून लंडनला

प्रमथनाथ यांचा जन्म १२ मे १८५५ रोजी बंगालमधल्या गोबरडांगाजवळच्या गाईपूर गावात झाला. कृष्णनगरला आणि मग कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिक्षण झालं. तेव्हा हुशार पोरांसाठी गिलख्रिस्ट नावाची स्कॉलरशिप होती. ती मिळाली की थेट लंडनला जाऊन शिकता यायचं. १८७४ मध्ये प्रमथनाथ यांनी ती मिळवली आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते बोटीत बसले.

लंडन विद्यापीठातून त्यांनी सायन्सची पदवी घेतली आणि पुढे रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये भूशास्त्र शिकले. त्या काळात परदेशी शिकायला जाणारे बहुतेक भारतीय बॅरिस्टर व्हायला नाहीतर आयसीएस द्यायला जात. दगडांचा अभ्यास करायला कोण जाणार? पण बोस यांनी तोच विषय धरला. शिवालिकच्या टेकड्यांमध्ये सापडलेल्या मांसाहारी प्राण्यांच्या जीवाश्मांवर त्यांनी तिथे असतानाच शोधनिबंध लिहिला.

१८८० मध्ये ते जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात अधिकारी म्हणून दाखल झाले. सर्व्हेत त्याआधी काही भारतीय उमेदवारी करत होते, पण अधिकारी श्रेणीवर थेट नेमणूक झालेले ते पहिले भारतीय. ही साधी गोष्ट नव्हती. भारतीयांना मोजमाप करता येईल, नमुने गोळा करता येतील, पण स्वतंत्र वैज्ञानिक विचार काही जमणार नाही, असं त्या खात्यातल्या बड्या इंग्रज साहेबांपैकी अनेकांचं मत होतं.

दोन वर्षांनी त्यांचं लग्न कमला दत्त यांच्याशी झालं. कमला म्हणजे रमेशचंद्र दत्त यांची मुलगी. इंग्रजांनी भारताची आर्थिक लूट कशी केली हे आकडेवारीसकट मांडणारे आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेले तेच हे रमेशचंद्र दत्त. त्यामुळे देशाचा पैसा कुठे जातो आणि देशात काय बनायला हवं, याची चर्चा बोस यांच्या घरातच होती.

हातोडी घेऊन देशभर

सर्व्हेतली नोकरी म्हणजे ऑफिसात बसून फायली हलवणं नव्हतं. पावसाळा संपला की तंबू, बैलगाडी, हातोडी आणि होकायंत्र घेऊन निघायचं, डोंगर-नाले पालथे घालायचे, खडकांचे नकाशे काढायचे आणि पावसाळ्यात कलकत्त्याला परत येऊन अहवाल लिहायचा.

बोस यांचं सुरुवातीचं मोठं काम नर्मदेच्या खोऱ्यातलं. निमाड भागात ते फिरले. आपल्या सह्याद्रीत जो काळा कातळ आहे, तोच लाव्हाचा कातळ तिकडेही पसरलेला आहे. त्याच्या खाली समुद्रात तयार झालेले जुने चुनखडक आणि त्यातले जीवाश्म सापडतात. या सगळ्याची तपशीलवार नोंद त्यांनी केली आणि सर्व्हेने ती १८८४ मध्ये छापली. पुढे दार्जिलिंगचा कोळसा झाला, ब्रह्मदेशातला तेनासरीमचा भाग झाला.

पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं वर्ष आहे १८८७.

तेव्हा बोस मध्य प्रांतात, रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात काम करत होते. आज हा भाग छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात येतो. मध्य भारतात आगरियांसारखे समाज पिढ्यानपिढ्या मातीच्या छोट्या भट्ट्यांमध्ये दगड वितळवून लोखंड काढत असत. कोळसा जंगलातल्या लाकडाचा, भाता पायाने चालवायचा आणि मिळालेल्या लोखंडाचे फाळ, कुऱ्हाडी बनवायच्या. बोस यांनी या भागातल्या लोखंडाच्या धंद्यावर सर्व्हेसाठी लेख लिहिला आणि दल्ली-राजहरा इथल्या लोहखनिजाची नोंद केली.

म्हणजे इथे लोखंड आहे हे स्थानिकांना आधीपासून माहीत होतंच. बोस यांनी ते शास्त्राच्या भाषेत नकाशावर आणलं. अहवाल छापला गेला आणि कपाटात गेला. इंग्लंडहून लोखंड आयात करणाऱ्या सरकारला त्याची घाई नव्हती.

पण हा लोखंडाचा डोंगर बनतो कसा?

थोडं भूशास्त्र समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दल्ली-राजहरा असो, ओडिशातला मयूरभंज असो किंवा आपल्या चंद्रपूरचं लोहारा असो, या सगळ्या ठिकाणच्या लोखंडाचं मूळ एकाच प्रकारच्या खडकात आहे. त्याला म्हणतात बँडेड आयर्न फॉर्मेशन. सोप्या मराठीत पट्टेदार लोहखडक. हातात घेतला तर एखाद्या पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंजीसारखा दिसतो. एक पट्टा करड्या-चंदेरी लोखंडाचा, दुसरा लाल किंवा पांढुरक्या गारेचा, पुन्हा लोखंडाचा, पुन्हा गारेचा. काही पट्टे मिलिमीटरभर जाडीचे, काही बोटभर.

हे खडक प्रचंड जुने आहेत. जगातले बहुतेक अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने. मयूरभंजचे तर तीन अब्ज वर्षांपेक्षाही म्हातारे. तेव्हा पृथ्वीवर झाडं नव्हती, प्राणी नव्हते आणि हवेत ऑक्सिजनही जवळपास नव्हता.

ऑक्सिजन नसला की लोखंड पाण्यात विरघळून राहतं. समुद्राच्या तळाशी असलेल्या गरम पाण्याच्या झऱ्यांमधून लोखंड बाहेर पडत होतं आणि समुद्रभर पसरत होतं. मग समुद्रातल्या सूक्ष्मजीवांनी सूर्यप्रकाशावर जगायला सुरुवात केली. त्यातल्या काहींनी ऑक्सिजन सोडला. ऑक्सिजन आणि लोखंड भेटले की काय होतं? आपल्या घराच्या गेटला होतं तेच. गंज! हा गंज पाण्यात विरघळत नाही, तो तळाशी बसतो. कधी लोखंड जास्त बसलं, कधी सिलिका म्हणजे गारेचं द्रव्य जास्त बसलं. असं आलटून पालटून चालू राहिलं आणि पट्टे तयार झाले. हे आलटून पालटून नेमकं कशामुळे होत होतं, यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून मिटलेले नाहीत.

थोडक्यात, आपल्या घरातली कढई आणि पुलाचा गर्डर म्हणजे अब्जावधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा गंज आहे.

आता यात एक मेख आहे. पट्टेदार खडकात लोखंड असतं साधारण २० ते ४० टक्के, बाकी गार. एवढ्यावर त्या काळी कारखाना परवडत नव्हता. पण काही ठिकाणी निसर्गाने पुढचं कामही करून ठेवलं. लाखो वर्षं पाणी मुरत राहिलं, त्याने गार धुऊन नेली आणि मागे राहिलं ६० टक्क्यांहून जास्त लोखंड असलेलं खनिज, हेमेटाइट. म्हणून भूशास्त्रज्ञाचं खरं कौशल्य पट्टेदार खडक शोधण्यात कमी आणि त्यातला धुऊन निघालेला भाग कुठे आहे हे ओळखण्यात जास्त असतं.

ओळखायचं कसं? त्या काळी पोर्टेबल मशीन नव्हतं. दगड उचलून बघायचा. हेमेटाइट साध्या गारेच्या जवळपास दुप्पट जड. चिनीमातीच्या खरखरीत तुकड्यावर घासला की रेघ लाल-तपकिरी उमटते. रेघ काळी आली आणि दगडाला लोहचुंबक चिकटलं, तर तो मॅग्नेटाइट. बोस अशाच दगडांवर तेवीस वर्षं फिरत होते.

आणि मग १९०३ उजाडलं

सर्व्हेच्या संचालकाची जागा रिकामी झाली. बोस १८८० पासून खात्यात होते. नर्मदेपासून ब्रह्मदेशापर्यंत त्यांचं काम छापून आलेलं होतं. पण खुर्ची मिळाली थॉमस हॉलंड यांना, जे खात्यात आले होते १८९० मध्ये.

हॉलंड काही सुमार शास्त्रज्ञ नव्हते. दक्षिण भारतातल्या चार्नोकाइट खडकाला नाव देणारे ते हेच, आणि पुढे त्यांनी मोठं नाव कमावलं. पण दहा वर्षं नंतर आलेल्या माणसाच्या हाताखाली आता काम करायचं, आणि का, तर आपण भारतीय आहोत म्हणून, हे बोस यांना मान्य नव्हतं.

तेव्हा त्यांचं वय होतं ४८. घरात मोठा संसार. सरकारी नोकरी म्हणजे तेव्हाही पक्की नोकरीच. गप्प बसून पेन्शनची वाट बघणं सोपं होतं. त्यांनी नोकरी सोडली.

मयूरभंज संस्थानाने त्यांना बोलावलं. महाराजा श्रीरामचंद्र भंजदेव यांना आपल्या राज्यात काय काय खनिज आहे ते जाणून घ्यायचं होतं. हा भाग आजच्या ओडिशात आहे. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचा रायरंगपूर परिसर तो हाच. बोस तिथे गेले आणि गोरुमहिसानीच्या डोंगरात त्यांना उच्च प्रतीच्या लोहखनिजाचा मोठा साठा सापडला.

एकदा असाच साठा त्यांनी सरकारसाठी शोधला होता, तो कागदावरच राहिला होता. या वेळी त्यांनी थेट जमशेदजी टाटांना कळवलं.

इकडे चांद्यात काय चाललं होतं?

जमशेदजींचं नागपूरशी जुनं नातं. त्यांची एम्प्रेस मिल १८७७ पासून नागपुरात चालू होती. १८८२ मध्ये त्यांच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात, लोहारा इथे उत्तम लोखंड आहे असं त्यात म्हटलं होतं. जवळच वरोऱ्याला कोळशाची खाण. जमशेदजींच्या डोक्यात पोलाद कारखान्याचं बी तेव्हाच पडलं. पण वरोऱ्याचा कोळसा तपासला तर तो पोलादासाठी चालेना, आणि खाणकामाचे सरकारी नियमही जाचक होते. ते बाजूला राहिलं.

नियम सैल व्हायला १८९९ उजाडावं लागलं. मग साठीतले जमशेदजी अमेरिकेला गेले, चार्ल्स पेज पेरीन या इंजिनिअरला गाठलं, आणि पेरीन यांनी सी. एम. वेल्ड नावाच्या भूशास्त्रज्ञाला भारतात पाठवलं. १९०४ मध्ये वेल्ड, जमशेदजींचे चिरंजीव दोराबजी आणि शापूरजी सकलातवाला चांद्याच्या रानात फिरत होते. मे महिन्यात जमशेदजी जर्मनीत वारले. शोध थांबला नाही.

पण निकाल निराशेचा आला. लोहाऱ्याचं खनिज चांगलं होतं, गणित जमत नव्हतं. पोलाद बनवायला नुसतं लोखंड असून भागत नाही. कोक बनेल असा कोळसा लागतो, चुनखडी लागते, भरपूर पाणी लागतं आणि हे सगळं एकमेकांपासून परवडेल इतक्या अंतरावर लागतं. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा कोक होत नाही. तिथेच चांद्याचा नाद सुटला.

दोराबजी हे सांगायला नागपूरला सरकारी कचेरीत गेले. साहेब भेटायला वेळ होता म्हणून ते समोरच्या म्युझियममध्ये शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा लावलेला होता आणि त्यावर एका भागात लोखंडाची गडद खूण होती. तो भाग दल्ली-राजहराचा. मूळ नोंद कुणाची? १८८७ मधली, पी. एन. बोस यांची!

मंडळी तिकडे पोचली. डोंगर चढताना पायाखालचा दगड धातूसारखा खणखणत होता, अशी आठवण सांगितली जाते. पण कोळसा इथूनही लांबच होता.

आणि मग बोस यांचं मयूरभंजचं निमंत्रण कामी आलं. पेरीन, वेल्ड आणि सकलातवाला गोरुमहिसानीला गेले. खनिज भरपूर आणि चांगलं होतं. मुख्य म्हणजे झरियाचा कोक होणारा कोळसा आणि कलकत्त्याचं बंदर दोन्ही इथून तुलनेने जवळ होतं. चांद्यात आणि राजहऱ्यात जे गणित अडलं होतं, ते इथे सुटलं.

म्हणजे टाटांच्या शोधात दोन डोंगर निर्णायक ठरले, आणि दोन्हींवर पहिली शास्त्रीय मोहर एकाच माणसाची होती.

पोलाद तयार झालं

ऑगस्ट १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनी मुंबईत नोंदवली गेली. लंडनच्या बाजारातून पैसा मिळाला नाही, म्हणून शेअर भारतातच विकायला काढले. स्वदेशीची हवा होती. तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार भारतीयांनी लागणारं सगळं भांडवल उभं केलं. पुढे खेळत्या भांडवलाची गरज पडली, तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्याने घेतले.

सुवर्णरेखा आणि खरकाई नद्यांच्या संगमाजवळ साकची हे छोटं गाव निवडलं गेलं. गोरुमहिसानीपर्यंत रेल्वे टाकली. २ डिसेंबर १९११ रोजी भट्टीतून पहिलं लोखंड बाहेर आलं आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिलं पोलाद. १९१९ मध्ये साकचीचं जमशेदपूर झालं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या डोंगरांतून देशाचं पोलाद आलं, ते आदिवासींच्या वस्तीचे डोंगर होते. भट्टीचं लोखंड स्वस्तात मिळायला लागल्यावर मातीच्या भट्ट्या विझत गेल्या, आणि ज्यांच्या पूर्वजांना हा दगड सगळ्यात आधी कळला होता, त्यांच्यातले अनेक जण खाणीत मजुरी करायला लागले.

बोस यांचं पुढे काय झालं?

एवढं करून ते टाटांच्या कारखान्यात मोठे साहेब होऊन बसले नाहीत. १९०६ मध्ये वंगभंगाच्या आंदोलनातून कलकत्त्यात बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. भारतीय पोरांना कारखानदारीचं शिक्षण भारतीयांच्या संस्थेत मिळावं हा हेतू. तिचे पहिले मानद प्राचार्य बोस होते. हीच संस्था वाढत वाढत आज जादवपूर विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. कारखान्याला लोखंड दिलंच होतं, आता इंजिनिअर घडवायचं कामही त्यांनी अंगावर घेतलं.

पण या माणसाच्या आयुष्यात एक वळण असं आहे की आपण चक्रावून जातो. ज्याने आयुष्यभर देशी उद्योगांचा आग्रह धरला, तोच उतारवयात पाश्चात्त्य धर्तीच्या औद्योगिक संस्कृतीवर कठोर टीका करू लागला. रांचीत स्थायिक झाल्यावर त्यांनी संस्कृती आणि स्वराज्य या विषयांवर पुस्तकं लिहिली. नुसती यंत्रं आणून आणि साहेबाची नक्कल करून देश मोठा होतो का, असा त्यांचा रोख होता. त्यांचं म्हणणं पटो न पटो, पण स्वतःच्याच कामावर असा प्रश्न उभा करायला धाडस लागतं.

१९३४ मध्ये रांचीत त्यांचं निधन झालं.

१८८७ मध्ये त्यांनी नोंदवलेलं दल्ली-राजहरा तेव्हाही जवळपास तसंच पडून होतं. त्याचा नंबर लागला स्वातंत्र्यानंतर. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि तिला खनिज पुरवलं ते याच डोंगरांनी. आज आपण ज्या रेल्वेने फिरतो, तिचे बरेचसे रूळ भिलाईत बनतात.

जमशेदपुरात बोस यांचा पुतळा आहे आणि मे महिन्यात तिथे त्यांची जयंती साजरी होते. बाकी देशात त्यांचं नाव स्पर्धा परीक्षेच्या एखाद्या ओळीपुरतं उरलं आहे.

आणि आपल्याकडचे पट्टेदार खडक? ते आहेतच. गोव्यातलं, सिंधुदुर्गातल्या रेडीचं आणि गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोहखनिज याच जातीच्या खडकातून आलेलं आहे. सुरजागडच्या बातम्या आपण रोज वाचतो. खनिज कुणाचं, फायदा कुणाचा, डोंगर कुणाचा, यावर भांडणं होतात आणि व्हायलाच हवीत. बोस यांनी मात्र आयुष्यात एक गोष्ट करून दाखवली. जमिनीखाली काय आहे हे सांगणारा माणूस आपला असेल, तर ते कुणाला सांगायचं हेही तोच ठरवू शकतो.